जुन्या ठाण्यात नकाशा-धाव भरवायची आहे? पहिल्यांदाच आयोजन करणाऱ्यांसाठी

शहरातली ओरिएंटियरिंग, म्हणजे सोप्या भाषेत नकाशा-धाव. धावणाऱ्याला सुटायच्या क्षणी नकाशा मिळतो. त्यावर जांभळ्या वर्तुळांनी ठिकाणं दाखवलेली असतात, वाट मात्र दाखवलेली नसते. कुठून जायचं ते ज्याचं त्याने पळता पळता ठरवायचं. यात पाय जितके लागतात तितकंच डोकं लागतं, आणि म्हणूनच चांगली तयारी असलेल्या मॅरेथॉनवाल्याला एखादी शाळेतली मुलगी सहज मागे टाकते.

या खेळाला सरळ, रुंद रस्ते नकोत. गल्ल्या, बोळ, तलावाचे काठ हवेत. जुन्या ठाण्यात ते भरपूर आहेत. तलावपाळीभोवतालचा भाग, जांभळी नाक्याची बाजारपेठ, चरई, नौपाडा हे कुणी आराखडा काढून वसवलेलं नाही. तळी, देवळं, खाडीचा व्यापार आणि किल्ला यांच्या आधाराने शतकानुशतकं वाढत गेलेलं गाव आहे. पण एक गोष्ट पहिल्या दिवसापासून डोक्यात पक्की ठेवा: हे मैदान नाही. इथे लोक राहतात, पूजा करतात, माल उतरवतात, सकाळची फेरी मारतात. नकाशापासून वेळेपर्यंतचा प्रत्येक निर्णय त्यांना त्रास न होता खेळ कसा रंगेल याच प्रश्नातून घ्यायचा. खाली दिलेला क्रम साधारण ६० जणांच्या, ४५ मिनिटांच्या धावेसाठी आहे. पहिल्या खेपेला याहून मोठं काही करू नका.

१. भाग ठरवा, आणि लहानच ठरवा

शहरी धावेचा नकाशा १:४००० प्रमाणात काढतात. म्हणजे नकाशावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर ४० मीटर. एका ए-फोर कागदावर या हिशोबाने साधारण ११८० बाय ८४० मीटरचा भाग बसतो. समास, शीर्षक आणि सूची यांची जागा वजा करा, की हाती ९०० बाय ७०० मीटर उरतात. ४५ मिनिटांच्या धावेला एवढं पुष्कळ होतं.

सुरुवातीसाठी आमची शिफारस मासुंदा तलाव, म्हणजेच तलावपाळी, मध्ये धरून केलेला भाग. काठावर कोपिनेश्वर मंदिर आणि गडकरी रंगायतन, पलीकडे जांभळी नाका आणि स्टेशनकडे उतरणारे रस्ते. तलाव मध्ये असल्याचा मोठा फायदा म्हणजे समोरासमोरच्या काठांवर दोन ठिकाणं ठेवली की डावीकडून जायचं की उजवीकडून, हा प्रश्न आपोआप उभा राहतो. खेळाची सगळी गंमत त्याच प्रश्नात आहे. कचराळी आणि सिद्धेश्वर तलाव पुढच्या खेपेसाठी राखून ठेवा. सगळं एका नकाशात कोंबायला गेलात तर धाव लांबलचक आणि कंटाळवाणी होईल.

दोन गोष्टी मात्र नकाशाबाहेरच ठेवा.

पहिली, ठाण्याचा किल्ला. पोर्तुगिजांनी १७३० मध्ये बांधायला घेतलेला, १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतलेला, १७७४ मध्ये इंग्रजांकडे गेलेला हा किल्ला आज मध्यवर्ती कारागृह आहे. इतिहास कितीही खुणावत असला तरी त्याच्या भिंतीलगत फिरून मोजमापं घेणं, फोटो काढणं किंवा तिथे धावणाऱ्यांना पाठवणं योग्य नाही. नकाशाची सीमा अलीकडेच थांबवा.

दुसरी, रेल्वे. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली, आणि तेव्हापासून या लोहमार्गाने गावाचे दोन भाग केले. चेंदणी कोळीवाडाही त्यामुळे दोन्ही बाजूंना विभागलेला आहे. पूर्व आणि पश्चिम एकाच नकाशात घेतलं की लोक पादचारी पुलाकडे धावणार, आणि स्टेशनच्या पुलावर प्रवाशांच्या गर्दीत पळणारं माणूस म्हणजे अपघाताला आमंत्रण. रूळ ही नकाशाची कड समजा.

२. तारीख आणि वेळ

डिसेंबर ते फेब्रुवारी, रविवारी सकाळ. जानेवारीत सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो, त्यामुळे पहिली तुकडी ७.१५ ला सोडा आणि साडेआठच्या सुमारास धाव आटोपा. नऊनंतर बाजारात पाय ठेवायला जागा नसते. पावसाळ्यात शेवाळलेले पेव्हर ब्लॉक आणि उघडी गटारं आहेत. तेव्हा हा विचारही करू नका.

रविवार असला तरी दिनदर्शिका बघाच. महाशिवरात्रीच्या आसपास कोपिनेश्वराच्या परिसरात गर्दी आणि मंडप असतात. पाडव्याच्या स्वागतयात्रेची तयारी आधीच्या आठवड्यापासून सुरू होते. नवरात्रात टेंभी नाका आणि दहीहंडीच्या आगेमागे तर सगळा परिसरच वेगळा होतो. आणि आयोजक हमखास विसरतात ती गोष्ट: रविवारी सकाळी चर्चमध्ये मिस्सा असते. मासुंद्याजवळच्या सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चच्या कार्यालयात जाऊन वेळा विचारून घ्या. त्या वेळेत त्या फाटकासमोरून कुणी धावता कामा नये.

३. परवानग्या आणि कागदपत्रं

धावेच्या किमान सहा आठवडे आधी सुरुवात करा. लागणारी कागदं:

– अर्ज: कार्यक्रमाचं स्वरूप, तारीख, वेळ, संख्या, जबाबदार दोघांची नावं आणि फोन
– भागाचा नकाशा, त्यावर सुरुवात, शेवट आणि रस्ता ओलांडायच्या जागा
– स्वयंसेवकांची यादी, कोण कुठे उभा राहणार त्यासह
– प्रथमोपचाराची सोय आणि जवळच्या रुग्णालयाचं नाव
– अपघात विम्याची प्रत
– सहभागींचं संमतीपत्र, अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची सही

हा संच स्थानिक पोलीस ठाणं, वाहतूक शाखा आणि महापालिकेची संबंधित प्रभाग समिती या तिघांकडे द्या. नकाशातला भाग दोन पोलीस ठाण्यांच्या हद्दीत येत असेल तर दोन्हीकडे. प्रत्येक ठिकाणी पोच घ्या, आणि धावेच्या दिवशी मूळ प्रती सुरुवातीच्या टेबलावर ठेवा. अर्जात पहिल्याच ओळीत लिहा की रस्ता बंद करायचा नाही, ध्वनिक्षेपक नाही, स्टेज नाही. मॅरेथॉन म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यांसमोर बंद रस्ते येतात आणि फाईल अडते. इथे तसं काहीच मागायचं नाही हे त्यांना लगेच कळलं पाहिजे.

मंदिराचे विश्वस्त, चर्च, मशिदीचे व्यवस्थापक, कोळीवाड्यातले जाणते यांना पत्राऐवजी समक्ष भेटा, नकाशा घेऊन. आवारात कुणी येणार नाही, फक्त बाहेरच्या रस्त्याने जातील हे बोटाने दाखवा. या भेटीत हमखास कामाची माहिती मिळते: कुठला बोळ रविवारी पाण्याच्या टँकरने बंद असतो, कुठे कुत्री अंगावर येतात, कुणाकडे आजारी माणूस आहे.

ड्रोन उडवून नकाशा काढायचा मोह टाळा. दाट वस्ती आणि जवळ कारागृह, अशा जागी परवानगीशिवाय ड्रोन उडवणं महागात पडेल.

४. नकाशा काढा

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो आणि जायलाच हवा. नकाशा चुकला तर धाव फसते, मग बाकी सगळं कितीही चोख असो.

तयार ऑनलाइन नकाशाचा स्क्रीनशॉट चालत नाही. एक तर बहुतेकांचे हक्क राखीव असतात. दुसरं म्हणजे त्यांत रस्ता ही नुसती रेघ असते. धावणाऱ्याला भिंत, कुंपण, जिना, फाटक, फूटपाथचा कठडा हे सगळं लागतं. पाया म्हणून ओपनस्ट्रीटमॅपची माहिती घ्या. ती मोफत वापरता येते, फक्त नकाशाच्या कोपऱ्यात त्यांचा उल्लेख छापावा लागतो. काढण्यासाठी ओपनओरिएंटियरिंग मॅपर हे मोफत सॉफ्टवेअर आहे, ते अँड्रॉइड फोनवरही चालतं, त्यामुळे गल्लीत उभं राहूनच रेघ दुरुस्त करता येते.

खुणा आणि रंग स्वतःच्या मनाने ठरवू नका. आंतरराष्ट्रीय ओरिएंटियरिंग फेडरेशनने शहरी नकाशांसाठी आयएसस्प्रॉम नावाची प्रमाण खूणपद्धत दिली आहे, आणि मॅपरमध्ये तो संच तयार मिळतो. नवख्यांना एवढं पुरतं: इमारत करडी, फरसबंद जागा फिकट तपकिरी, मोकळी जमीन पिवळी, तळं निळं. जाड काळी रेघ म्हणजे ओलांडायची नाही अशी भिंत, बारीक रेघ म्हणजे ओलांडता येण्याजोगी. आणि सगळ्यात महत्त्वाचा रंग ऑलिव्ह हिरवा: इथे पाऊल टाकायचं नाही.

जुन्या ठाण्यात हा ऑलिव्ह रंग सढळ हाताने वापरा. सगळ्या सोसायट्यांची आवारं, फाटक उघडं असलं तरी. मंदिरांची आणि चर्चची आवारं. वाड्यांची अंगणं. कोळीवाड्याचा काही भाग घेतलात तर जाळी पसरलेली, मासळी वाळत घातलेली जागा. ती मोकळी दिसते म्हणून सार्वजनिक होत नाही. ते कुणाचं तरी अंगण आहे. चाळींमधून आरपार जाणारे काही बोळ असतात, जिथे दोन्ही बाजूंना घरांची दारं उघडतात. तिथून जाता येतं हे खरं, पण सकाळी साडेसातला दारात ब्रश करत बसलेल्या माणसाच्या अंगावरून साठ जण पळून जाणं बरं नव्हे. तोही बोळ बंद दाखवा.

प्रत्यक्ष काढताना नेमकं काय चुकतं, ते पाहा:

उपग्रहाच्या चित्रात उंच इमारती एका बाजूला कललेल्या दिसतात. गच्चीची कड गिरवली तर इमारत जागेवरून काही मीटर सरकते आणि शेजारचा बोळ नाहीसा होतो. नेहमी पायथ्याची कड गिरवा.

अरुंद गल्लीत फोनचं जीपीएस भरकटतं, कारण उपग्रहाचे संकेत भिंतींवर आपटून येतात. चौकात किंवा तलावाच्या काठावर स्थान नीट मिळतं. तिथून पुढे पावलं मोजून आणि कंपासने दिशा घेऊन गल्ली काढा. आपली शंभर मीटरची पावलं आधी मोजून ठेवा. कंपासच्या बाबतीत या भागात एक सोय आहे: चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक इथे इतका थोडा आहे की धावेपुरता तो धरला नाही तरी चालतं.

एक मीटर रुंदीचा बोळ १:४००० वर पाव मिलिमीटरचा होतो. धावताना तो दिसणारच नाही. असा बोळ मुद्दाम थोडा रुंद काढा आणि त्यासाठी बाजूच्या इमारती किंचित मागे सरकवा. प्रमाणापेक्षा वाचता येणं महत्त्वाचं.

स्टेशनजवळचा सॅटिस पूल म्हणजे एकावर एक दोन मजले. वरचा दाखवायचा की खालचा, या गोंधळात नवखे अडकतात. पहिल्या नकाशात तो भागच टाळा, त्याच्या अलीकडे सीमा आखा.

अर्धा चौरस किलोमीटर एका माणसाने पहिल्यांदा काढायचा म्हणजे सुट्टीचे बरेच दिवस खर्ची घालावे लागतात. दोघांनी भाग वाटून घ्या, मात्र भिंत ओलांडता येते की नाही याचा निकष आधी एकत्र ठरवा. नाही तर नकाशाच्या मध्यातून एक अदृश्य रेघ जाते आणि तिच्या दोन्ही बाजूंना नियम वेगळे होतात. शेवटची तपासणी रविवारी सकाळी सातलाच करा. शनिवारी संध्याकाळी जांभळी नाक्यावर जिथे वाट नसते तिथे सकाळी असते, आणि जी फाटकं दिवसभर उघडी असतात ती सकाळी कुलूपबंद सापडतात.

५. कंट्रोल कुठे ठेवायचे

ज्या ठिकाणाला पोचायचं त्याला कंट्रोल म्हणतात. जंगलात तिथे तीस सेंटिमीटरचं पांढरं-नारिंगी कापडी निशाण टांगतात. शहरात तेच करायचं, पण काळजीने.

बेवारस वस्तूची भीती खरी आहे. बाजारात, स्टेशनजवळ अनोळखी डबा किंवा पिशवी दिसली की कुणीही पोलिसांना फोन करेल, आणि करायलाच हवा. म्हणून डबा, यंत्र, पिशवी काहीही ठेवू नका. कागदावर छापलेलं निशाण सुतळीने बांधा, त्यावर मराठीत ठळक लिहा: ‘धावण्याच्या खेळाची खूण, सकाळी ९ च्या आत काढली जाईल’, खाली फोन नंबर. बांधायला सकाळी सहाला सुरुवात करा, आदल्या रात्री कधीही नको. सगळ्या कंट्रोलची यादी पोलीस ठाण्यात आधीच द्या.

जागा निवडताना:

देवळाची पायरी, दीपमाळ, तुळशीवृंदावन, पिंपळाचा पार, क्रूस, दर्ग्याची जाळी यांना काहीही बांधायचं नाही. चपला काढायच्या जागेच्या आत एकही कंट्रोल नको. कोपिनेश्वर धावेत घ्यायचंच असेल, आणि घ्यावं असं आम्हालाही वाटतं, तर कंट्रोल बाहेरच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर ठेवा. शिलाहारकाळापासून गावाचं दैवत असलेलं, १७६० मध्ये रामाजी महादेव बिवलकरांनी पुन्हा उभारलेलं हे देऊळ. त्याचं कळसदर्शन कोपऱ्यावरून होतंच, आणि भाविकांच्या रांगेला धक्का लागत नाही.

टेंभी नाक्याकडे भाग वाढवलात तर १८७९ चं शार हशामायिम हे बेने इस्रायली ज्यूंचं प्रार्थनास्थळ वाटेत येतं. अशा ठिकाणी सुरक्षेचा प्रश्न असतो. फाटकासमोर कंट्रोल नको, घोळका नको, फोटो नको.

तलावपाळीच्या फरसबंद काठावर सकाळी आजी-आजोबांची फेरी चालू असते. काठावर दोनच कंट्रोल ठेवा, तेही रुंद जागी, आणि काठावर फक्त चालायचं हा नियम लावा. जलद चालण्यात कुणाचं फारसं नुकसान होत नाही, कारण नियम सगळ्यांना सारखाच असतो.

दोन कंट्रोल रहदारीच्या रस्त्याच्या समोरासमोरच्या कडांना ठेवू नका. गोखले रोडच्या दोन बाजूंना दोन वर्तुळं दिसली की माणूस सरळ रेषेत धावतो, ही सवय सूचनेने मोडत नाही. पुढचं कंट्रोल गल्लीत आत ओढा, म्हणजे ओलांडायची जागा आपोआप सिग्नलकडे सरकते. जिथे ओलांडायचं तिथे नकाशावर जांभळ्या रंगात ओलांडण्याची खूण घाला, स्वयंसेवक उभा करा, आणि उरलेल्या लांबीवर ‘ओलांडू नये’ अशी जांभळी रेघ मारा. मनाईची जागा ओलांडली तर निकालातून बाद, हे अगदी आंतरराष्ट्रीय स्पर्धेतही असतं. इथेही बिनदिक्कत लावा.

काही ठिकाणी निशाणाऐवजी प्रश्न ठेवता येतो, आणि या गावात ते फार शोभतं. कोनशिलेवर कोणतं साल आहे, जाळीत किती गज आहेत, जुन्या घराच्या सज्जाला किती कंस आहेत. १८९३ मध्ये स्थापन झालेल्या मराठी ग्रंथसंग्रहालयाची पाटी वाचायला कुणी दहा सेकंद थांबलं तर वेळ वाया गेला असं म्हणता येणार नाही. प्रश्नाचे तीन निकष: उत्तर घरबसल्या इंटरनेटवर मिळू नये, ते रस्त्यावरूनच दिसावं, आणि धावेपर्यंत बदलू नये. दुकानाची पाटी, रंग, बॅनर यांवर प्रश्न काढाल तर हमखास फसाल. आदल्या दिवशी प्रत्येक उत्तर पुन्हा बघून या.

फोनच्या अॅपवरही ही धाव घेता येते. मॅपरनसारख्या अॅपमध्ये जीपीएसने ठिकाण गाठल्याचं फोन सांगतो, निशाणं बांधायचा प्रश्नच येत नाही. पण अरुंद बोळात जीपीएस भरकटलं की माणूस जागेवर उभा राहूनही फोन गप्प बसतो. अॅप वापरायचं असेल तर सगळी कंट्रोल चौकात, तलावाकाठी, मैदानाच्या कडेला घ्या. बाजारपेठेतल्या बोळांसाठी निशाण किंवा प्रश्नच बरा.

६. गुणांचं गणित

पहिल्या खेपेला ठरलेल्या क्रमाची धाव नको, गुणांची धाव ठेवा. कुठल्याही क्रमाने जा, ४५ मिनिटांत परत या. नवखा माणूस पाच कंट्रोल करूनही आनंदाने परततो.

कंट्रोल २० पुरेत. क्रमांक ३१ पासून सुरू करण्याची पद्धत आहे, म्हणजे नकाशावरच्या १, २, ३ शी गोंधळ होत नाही. ६६, ६८, ८६, ९९ असे इंग्रजी अंकांत उलटे वाचले तरी अर्थ लागणारे आकडे टाळायचे. गुण क्रमांकातच ठेवा: ३१ ते ३८ ला प्रत्येकी ३०, ४१ ते ४७ ला ४०, ५१ ते ५५ ला ५०. एकूण ७७०. उशिराच्या, सुरू झालेल्या प्रत्येक मिनिटामागे १० गुण वजा. ३४० गुण मिळवून कुणी ४७ मिनिटं २० सेकंदांनी परतला तर तिसरं मिनिट सुरू झालेलं, म्हणून ३० वजा, हाती ३१०.

जास्त गुणांची कंट्रोल लांब नव्हे, तर अवघड जागी असावीत, जिथे नकाशा नीट वाचावा लागतो. सगळी कंट्रोल जोडणारी सरळ रेषेतली सर्वांत छोटी फेरी साडेपाच किलोमीटरच्या आसपास ठेवा. गल्ल्यांतून प्रत्यक्षात ती पाव ते एक तृतीयांशाने वाढते, त्यामुळे सगळी २० फार थोड्यांना जमतात. कुणालाच जमली नाहीत तरी चालेल. दहा जणांना जमली तर आखणी सोपी झाली.

वर्तुळं आणि क्रमांक घालायला पर्पल पेन हे मोफत सॉफ्टवेअर आहे, मॅपरची फाईल ते सरळ उघडतं. वर्तुळाखाली बोळाचं तोंड झाकलं गेलं तर वर्तुळ तिथे तोडा. आणि आखणी ज्याने केली नाही अशा माणसाकडून सगळी फेरी चालून तपासून घ्या. आखणाऱ्याला स्वतःची चूक दिसत नाही.

७. छपाई

इथली एक चूक सगळं बिघडवते. छापताना ‘पानात बसवा’ हा पर्याय चालू राहिला की नकाशा काही टक्क्यांनी आकसतो आणि १:४००० राहत नाही. नकाशावर बरोबर १०० मिलिमीटरची रेघ काढा, पहिली प्रत आली की पट्टीने मोजा. शंभर भरली तरच पुढची छापा.

इंकजेट नको, घामाने शाई पसरते. रंगीत लेझर प्रिंट घ्या. पहिल्या प्रतीत ऑलिव्ह आणि पिवळा हे दोन रंग हातभर अंतरावरून वेगळे दिसतात का ते उन्हात बघा, दुकानाच्या ट्यूबलाइटखाली नव्हे. ६० धावपटूंसाठी ७५ प्रती काढा. उरलेल्या स्वयंसेवकांना आणि पोलिसांना लागतात. प्रत्येक प्रत पारदर्शक पिशवीत घाला.

८. सामान

निशाणं २४ (चार जादा), सुतळी, कात्री. उत्तरपत्रिका ७५, दोरा बांधलेल्या पेन्सिली ७५. निशाणावर क्रमांकाखाली दोन अक्षरं छापा, ती उत्तरपत्रिकेत लिहायची. यंत्र लागत नाही आणि न जाता गुण लावता येत नाहीत. दोन घड्याळं एकमेकांशी जुळवलेली. पाण्याचे २० लिटरचे दोन जार आणि स्टीलचे पेले, प्लॅस्टिकच्या बाटल्या तलावाजवळ नकोतच. ओआरएस, बँडेज, बर्फाची पिशवी. स्वयंसेवकांसाठी जाकिटं.

माणसं अकरा: सुरुवातीला दोन, शेवटाला दोन, ओलांडायच्या जागांवर चार, प्रथमोपचाराला एक, सायकलवर फिरते दोन.

९. धावेचा दिवस

६.०० ला निशाणं. ६.४५ ला सायकलवाले सगळी कंट्रोल बघून येतात. रस्ता खोदलेला किंवा मंडप आडवा आला असेल तर ती जागा सुरुवातीच्या मोठ्या नकाशावर जांभळ्या रेघांनी मारा आणि सगळ्यांना दाखवा.

६.५५ ला सूचना, दहा मिनिटांत. नवख्यांना चारच गोष्टी सांगा. नकाशा नेहमी समोरच्या जमिनीशी जुळवून धरा, वळलात की नकाशा फिरवा. अंगठा आपण जिथे आहोत तिथे ठेवा आणि पुढे सरकवत राहा. हरवलात तर पळणं थांबवा, शेवटच्या ओळखीच्या चौकात परत जा. आणि पन्नास गुणांच्या मोहात वेळ विसरू नका. मग नियम: ऑलिव्हमध्ये पाऊल नाही, काठावर चालायचं, रस्ता खुणेच्या जागीच ओलांडायचा, कुत्री दिसली की चालायचं. रस्ता विचारायला हरकत नाही; भाजीवाल्या मावशींना विचारलं तर बरोबर वाट मिळते, फक्त थांबून आणि नीट विचारा.

पाच-पाचच्या बारा तुकड्या, दर दोन मिनिटांनी एक. ७.१५ ची पहिली, ७.३७ ची शेवटची. सगळे एकदम सोडले तर पहिल्या बोळात कोंडी होते आणि लोक नकाशा न बघता पुढच्याच्या मागे पळतात. शेवटच्या तुकडीची वेळ ८.२२ ला संपते, धाव ८.३५ ला बंद.

आता सुरक्षेचा मुख्य नियम, आणि तो दोनदा सांगायचा: मधेच सोडलं, घरी जायचं ठरवलं, पाय मुरगळला, काहीही झालं तरी शेवटाच्या टेबलावर येऊन किंवा फोन करून कळवायचं. सुटलेल्यांची यादी आणि परतलेल्यांची यादी जुळेपर्यंत कुणीही टेबल गुंडाळायचं नाही. एक नाव जुळत नसेल तर आधी त्याला फोन, मग घरच्या नंबरवर, मग सायकलवाले शेवटच्या माहीत असलेल्या कंट्रोलकडे, आणि तरीही पत्ता नसेल तर ११२.

१०. निकाल आणि नंतरची कामं

उत्तरपत्रिका दोघांनी तपासाव्या, एकाने वाचायचं, दुसऱ्याने मांडायचं. बरोबरी झाली तर आधी परतलेला वर. निकालाआधी ओलांडायच्या जागांवरच्या चौघांना विचारा कुणाला बाद करायचं का; त्यांनी क्रमांक लिहून ठेवलेला असेल तरच तो धरा, ऐकीव तक्रार नको.

निशाणं नऊच्या आत काढा आणि मोजा. २० बांधली तर २० परत यायला हवीत, सुतळीच्या तुकड्यांसकट. कमी भरली तर शोधून आणा, नाही सापडलं तर पोलीस ठाण्याला कळवा, म्हणजे दुपारी कुणी घाबरणार नाही.

धावपटूंनी दाखवलेल्या नकाशातल्या चुका त्याच दिवशी एका प्रतीवर लाल पेनने लिहून घ्या, आठवडाभराने त्या कुणालाच आठवत नाहीत. विश्वस्तांना, चर्चला, कोळीवाड्यात ज्यांना भेटला होतात त्यांना दोन दिवसांत पुन्हा भेटा. कुणाच्या अंगणात कुणी घुसलं होतं का, कुठे गर्दीचा त्रास झाला का ते विचारा, आणि ती जागा मॅपरमध्ये लगेच ऑलिव्ह करून फाईल जतन करा.